निराधारांना आधार : दान आणि सोबत

(पंचायत-सदस्य, शिक्षक व ग्रामस्थ यांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



पणजी शहरात १९०८ साली मराठी शिक्षणासाठी एक संस्था स्थापन झाली. तिचे नाव मुष्टिफंड. गोमंतकात तेव्हा परकीय सत्ता होती आणि मराठी शाळेचा भार लोकांनाच उचलावा लागत होता. त्यासाठी घरटी मूठभर तांदूळ बाजूला काढण्याची प्रथा अवलंबिली गेली आणि त्या मुठीवरूनच संस्थेला नाव मिळाले. मूठभर तांदळाने कोणाचेही घर रिकामे होत नाही. परंतु अनेक घरांतील मुठी नेमाने एकत्र आल्या की शाळा उभी राहते. दान लहान असावे, पण नेमाचे असावे; ते प्रत्येक घरातून यावे आणि त्याचा हिशोब राहावा, हा त्या प्रथेचा बोध आहे. समाजातील दुर्बल घटकांना साहाय्य करण्याचा विचार करताना आरंभ या मुठीपासूनच करणे उचित ठरेल.

दुर्बल कोण, हा पहिला प्रश्न. निराधार म्हटले की देवळाच्या किंवा चर्चच्या पायरीशी हात पसरून बसलेला मनुष्य डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात गावातील खरे हाल पुष्कळदा बंद दाराआड असतात. मुले नोकरीनिमित्त आखाती देशांत किंवा त्याहून दूर गेलेली, घर मोठे, अंगण प्रशस्त आणि आत एकटीच वृद्ध स्त्री. तिची चूल दोन दिवस पेटली नाही तरी शेजाऱ्याला कळत नाही. पती निवर्तल्यावर दिराच्या आश्रयाला राहिलेली विधवा, उठता-बसता न येणाऱ्या मुलाला वर्षानुवर्षे सांभाळणारी आई, मनोरुग्ण भावाला लोकलज्जेस्तव माजघरात ठेवणारे कुटुंब, बांधकामावर मजुरी करण्यासाठी परप्रांतातून आलेल्या आईबापांची शाळेबाहेर राहिलेली मुले, हे सारे दुर्बलच होत. यांपैकी बहुतेक जण मदत मागत नाहीत. मागण्याची लाज त्यांना भुकेपेक्षा जड वाटते. म्हणून जो मागतो त्याला देणे एवढ्यावर गावाचे कर्तव्य संपत नाही. जो मागत नाही त्याला शोधून काढणे, हाच त्या कर्तव्याचा मोठा भाग आहे.

गोमंतकाला परोपकाराची परंपरा जुनी आहे. गावकरीच्या उत्पन्नातून गावच्या सामाईक कामांवर खर्च होई. देवस्थाने आणि मठ यात्रेकरूंना अन्न व निवारा देत. पोर्तुगीज अमलात सोळाव्या शतकात ‘मिझेरिकॉर्दिया’ ही दयाकार्य करणारी संस्था येथे आली. एकोणिसाव्या शतकात पाद्री मिरांडा यांच्या पुढाकाराने मडगावला ‘हॉस्पिसियो’ सुरू झाले आणि गोरगरिबांचे रुग्णालय म्हणून दक्षिण गोव्यात त्याचे नाव घरोघर पोहोचले. सार्वजनिक साहाय्यासाठी ‘प्रोवेदोरिया’ १९४७ साली स्थापन झाली. आश्रयहीन वृद्धांसाठी ती वृद्धाश्रम चालवीत आली आहे. याखेरीज अनाथ बालके, अपंग, निराधार स्त्रिया आणि वृद्ध यांची सेवा करणाऱ्या अनेक लहानमोठ्या संस्था, काही हिंदू समाजाच्या तर काही ख्रिस्ती धर्मसंघांच्या, राज्यात काम करीत आहेत. अशा संस्था टिकतात त्या उद्घाटनाच्या दिवशी झालेल्या भाषणांमुळे नव्हे. महिन्याच्या पहिल्या तारखेस कामवाल्यांचा पगार, दुकानदाराची बाकी आणि विजेचे बिल भागले, तरच संस्था दुसऱ्या महिन्यात पाऊल टाकते.

नागरिकांच्या साहाय्यात नेमकी येथेच उणीव राहते. चवथ, दिवाळी, नाताळ असे सण आले, किंवा एखाद्याचा वाढदिवस अथवा वडिलांची पुण्यतिथी असली, की वृद्धाश्रमात मिठाईच्या पेट्या येऊन पडतात. एकाच दिवशी तीन ठिकाणचे जेवण येते. त्यातले दोन ठिकाणचे वाया जाते, आणि मधुमेही वृद्धांना तर त्यातले काहीच चालत नाही. पुढे आषाढ-श्रावणाच्या मुसळधार पावसात त्याच आश्रमाचे कपडे वाळत नाहीत, छप्पर गळते, खोकल्याची औषधे संपतात, आणि त्या दिवसांत दाराशी कोणी येत नाही. दात्याचा हेतू शुद्ध असतो. परंतु दान दात्याच्या सोयीने दिले जाते, घेणाऱ्याच्या गरजेने नव्हे.

यावर उपाय साधा आहे. देण्यापूर्वी संस्थेला विचारावे. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी लागणारे लंगोट, जंतुनाशक, चादरी, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, पावसाळ्यापूर्वी छपराची डागडुजी, अशा गोष्टी संस्थाचालक बहुधा संकोचाने सांगत नाहीत, विचारल्यास सांगतात. सणाला एकदम पाच हजार रुपये देण्याऐवजी दरमहा चारशे रुपये बारा महिने दिले, तर रक्कम जवळपास तीच राहते; पण संस्थेला पुढील महिन्याचा हिशोब मांडता येतो. वापरलेले कपडे द्यावयाचे असल्यास धुऊन, बटणे लावून, घडी करून द्यावेत. जे स्वतःच्या घरातील माणसास घालण्याजोगे नाही, ते दुसऱ्यास देण्याजोगेही नाही. घरात उरलेली औषधे परस्पर कोणास देऊ नयेत. मुदत उलटलेले औषध हे दान नसून धोका होय. शिजवलेले अन्न देताना ते केव्हा शिजले हे सांगावे, आणि ते दमट हवेत आंबण्यापूर्वी पोहोचवावे.

पैशापेक्षाही दुर्मिळ असे दान म्हणजे कसब. जमाखर्च लिहू शकणारा सेवानिवृत्त कारकून, नळ आणि वीज दुरुस्त करणारा कारागीर, दर पंधरवड्यास तासभर येणारा न्हावी, महिन्यातून एकदा दात तपासणारा वैद्यक व्यावसायिक, मुलांचा गणिताचा अभ्यास घेणारी शिक्षिका, यांनी ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी यावे. ‘सवड मिळेल तेव्हा येऊ’ असे आश्वासन संस्थेच्या कामी येत नाही. अनाथ मुलाच्या बाबतीत तर हे विशेषच ध्यानात ठेवावे. दोनदा येऊन, लळा लावून नाहीसा होणारा पाहुणा त्या मुलाला आणखी एकदा अनाथ करून जातो.

दान डोळसपणे द्यावे, हेही तितकेच महत्त्वाचे. कोणाच्याही नावाने कोणीही निधी गोळा करू लागले आहे आणि मोबाईलवर येणाऱ्या हृदयद्रावक चित्रांमागे पुष्कळदा फसवणूक असते. देणगी देण्यापूर्वी संस्था नोंदलेली आहे काय, तिचे हिशोब दरवर्षी तपासले जातात काय, देणगीची छापील पावती मिळते काय, एवढे विचारण्यात कोणताही उणेपणा नाही. प्रामाणिक संस्था असे प्रश्न आनंदाने स्वीकारते. मान्यताप्राप्त संस्थेस दिलेल्या देणगीवर पात्र करदात्यास आयकरात सवलत मिळू शकते; परंतु दोन हजार रुपयांहून अधिक रक्कम रोख दिल्यास त्या रोख देणगीवर ती सवलत मिळत नाही. म्हणून मोठी देणगी धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावी. निराधार बालकांना ठेवून घेणारी प्रत्येक संस्था बालन्याय अधिनियम, २०१५ अन्वये नोंदलेली असली पाहिजे. एखादी दुर्दैवी माता आपले मूल सांभाळू शकत नसेल, तर ते मूल परस्पर कोणाच्या ओटीत घालणे, मग त्यामागचा हेतू कितीही चांगला असो, कायद्याला मान्य नाही. अशा वेळी १०९८ या क्रमांकावर किंवा बालकल्याण समितीकडे कळवावे. दत्तकविधान नियमाप्रमाणेच व्हावे.

येथवर दानाचा विचार झाला. परंतु आजच्या काळात दानाहूनही मोलाचे असे एक साहाय्य आहे, आणि त्यास एकही पैसा लागत नाही. निराधाराला कायद्याने आणि शासनाच्या योजनांनी जे अगोदरच देऊ केले आहे, ते त्याच्या हाती पडेपर्यंत त्याच्या सोबत चालणे, हेच ते साहाय्य.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, डोंगरपायथ्याच्या एखाद्या वाड्यावर सत्तर वर्षांची एक विधवा राहते. या शतकाच्या आरंभी राज्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजना सुरू झाली. वृद्ध, एकाकी स्त्रिया आणि अपंग यांना तिच्यातून मासिक अर्थसाहाय्य दिले जाते आणि या आजीलाही ते मिळते. ते चालू राहण्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. एक वर्ष पावसात तिचा गुडघा सुजला, ती बँकेत जाऊ शकली नाही आणि साहाय्य थांबले. का थांबले, हे तिला कोणी सांगितले नाही. ‘सरकारने बंद केले’ एवढेच तिने मानले. पुढे कोणाच्या तरी सांगण्यावरून ती गेली, तर आयुष्यभर शेतात राबून तिच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या, म्हणून यंत्राने तिचा ठसा ओळखला नाही. ती परत आली आणि पुन्हा गेली नाही. महिन्याला दोन हजार रुपये धरले तरी दहा महिन्यांत वीस हजार रुपये तिच्या वाट्यातून गेले. त्याच काळात शेजाऱ्यांनी तिला दोनदा पायलीभर तांदूळ आणि चतुर्थीला एक लुगडे दिले. शेजारी दयाळूच होते. पण तिला लुगड्याहून अधिक गरज होती ती एका सकाळी तिला बँकेत नेऊन, अडचण अधिकाऱ्यापुढे मांडून, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून देणाऱ्या माणसाची.

अशी सोबत करणाऱ्याने काही गोष्टी माहीत करून घ्याव्यात. आधारपत्र, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक, निवासाचा दाखला आणि विधवेच्या बाबतीत पतीचा मृत्यूदाखला ही कागदपत्रे एका पिशवीत, एका जागी असावीत. गोमंतकात जुन्या पिढीच्या कागदपत्रांत नावांचा घोळ हमखास आढळतो. पोर्तुगीज नोंदींत ‘श’ या उच्चारासाठी रोमन ‘एक्स’ हे अक्षर येई. त्यामुळे जन्मनोंदीतील नाव, शाळेच्या दाखल्यातील नाव आणि आधारपत्रावरील नाव एकाच व्यक्तीची असूनही तीन निरनिराळ्या माणसांची वाटतात. अर्ज नाकारला जाईपर्यंत न थांबता हा फरक आधीच पाहून, मामलेदार कार्यालयात किंवा नोंदणी कार्यालयात त्याबाबत काय करावयाचे ते विचारून घेतल्यास पुष्कळ हेलपाटे वाचतात.

अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या अधिनियमात अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले आहेत. केवळ अंधत्व किंवा पांगळेपणा म्हणजे अपंगत्व अशी समजूत अजून अनेक घरांत आहे. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार, थॅलेसेमिया यांचाही त्यात समावेश होतो, हे ठाऊक नसल्यामुळे दाखलाच काढला जात नाही. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा वैद्यकीय दाखला लागतो. वर्गात मागे पडणारे मूल शिक्षकाच्या सर्वांआधी लक्षात येते. म्हणून पालकांना दाखल्याची वाट दाखविण्याचे काम शिक्षकाकडून जितके चांगले होईल, तितके अन्य कोणाकडून होणार नाही.

मुलांनी टाकून दिलेल्या वृद्धांसाठी २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा झाला. त्यानुसार निर्वाहखर्चासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. वृद्ध स्वतः अर्ज करण्यास असमर्थ असल्यास त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते. गावच्या संस्थांनी हे कलम विशेष लक्षात ठेवावे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता मुलाच्या किंवा पुतण्याच्या नावे करून दिली आणि पुढे त्याने सांभाळ केला नाही, तर तो व्यवहार रद्द ठरविण्याची तरतूदही त्यात आहे. मात्र ती अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असावी; घर नावावर करून देण्यापूर्वीच वृद्धांना हे सांगितले पाहिजे. स्त्रिया, बालके, अपंग, अनुसूचित जाती व जमाती यांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. वृद्धांसाठी १४५६७, संकटग्रस्त स्त्रियांसाठी १८१ आणि मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १४४१६ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. शाळा, पंचायत, रास्त भावाचे दुकान आणि देवालयाचा सभामंडप येथे हे क्रमांक ठळक अक्षरांत लावल्यास त्याचा खर्च एका कागदाएवढाच येईल.

मात्र देण्याच्या रीतीत स्वाभिमान जपला गेला नाही, तर सारे साहाय्य विफल होते. व्यासपीठावर बोलावून, फुलांच्या माळा घातलेल्या पाहुण्यांच्या हस्ते एका विधवेला शिलाई यंत्र द्यावयाचे आणि त्याचे छायाचित्र गावभर फिरवावयाचे, यात यंत्राची किंमत ती स्त्री आपल्या अब्रूने चुकती करते. निराधार बालकांची ओळख उघड होईल असे छायाचित्र किंवा मजकूर प्रसिद्ध करण्यास तर कायद्यानेच मनाई आहे. संत गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक आदी ठिकाणी गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभारल्या. पण लोक जमण्याआधी ते गावात येत ते हातात खराटा घेऊन. सेवा करणारा वर आणि सेवा घेणारा खाली, असा भाव त्यांनी कधी येऊ दिला नाही. जो मनुष्य काही करू शकतो, त्याला फुकट देण्याऐवजी त्याचे काम विकत घ्यावे. स्वयंसाहाय्य गटातील स्त्रियांची आमसुले, पापड आणि लोणची घासाघीस न करता घेणे, अपंग कारागिराकडून वेताची टोपली विणून घेणे, हेही साहाय्यच आहे. आणि त्यात घेणाऱ्याची मान ताठ राहते.

हे सर्व एकट्यादुकट्याच्या उत्साहावर सोडल्यास दोन महिन्यांत विरून जाईल. म्हणून प्रत्येक वाड्यापुरती एक छोटी व्यवस्था असावी. शिक्षक, अंगणवाडी सेविका, आरोग्य उपकेंद्रातील परिचारिका, महिला मंडळाची एक सदस्या आणि युवक मंडळाचा एक तरुण, अशा पाच जणांनी एक वही ठेवावी. वाड्यात एकटे कोण आहे, अंथरुणाला खिळलेले कोण आहे, कोणाचे साहाय्य थांबले आहे, हे त्या वहीत असावे. ही वही चावडीवर वाचण्यासाठी नाही. ग्रामसभेत केवळ संख्या सांगावी. नावे पाच जणांपाशीच राहावीत. आठवड्यातून एकदा प्रत्येक एकट्या घराचे दार ठोठवावे. मृग नक्षत्रापूर्वी छप्पर, औषधे आणि कोरडा शिधा पाहून घ्यावा. जत्रेच्या किंवा सार्वजनिक उत्सवाच्या जमेतून ठराविक हिस्सा या कामासाठी काढावा, आणि त्याचा जमाखर्च फलकावर लावावा.

अधिकारीवर्गाचा वाटाही लहान नाही. अर्ज अपुरा असल्यास कोणता कागद कमी आहे ते एकदाच आणि लेखी सांगितले, तर सत्तर वर्षांच्या मनुष्याच्या तीन खेपा वाचतात. साहाय्य थांबविताना त्याचे कारण घरी कळविले, तर ‘सरकारने बंद केले’ हा गैरसमज पसरत नाही. ज्याला चालता येत नाही त्याच्या दाराशी जाऊन पडताळणी करणे हे उपकार नव्हेत. ते शासकीय सेवेचेच अंग आहे. खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या वृद्धेला ‘आजी, बसा’ एवढे म्हणण्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची आवश्यकता नसते.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पणजीच्या गृहिणींनी तांदूळ शिजवावयास घेताना एक मूठ बाजूला काढली. ती मूठ कोणत्या मुलाच्या शिक्षणास लागली, हे त्यांना कधी कळले नसेल. आजच्या गावाला तांदळाच्या मुठीबरोबर आणखी एक मूठ काढावयाची आहे, ती वेळेची. आठवड्यातील एक तास, शेजारच्या एका दारासाठी. गोमंतकातील प्रत्येक वाड्याने एवढे व्रत घेतले, तर आपल्याला कोणी नाही असे म्हणत दिवस काढण्याची पाळी गावातील एकाही माणसावर येणार नाही.